थुंकीचं मडकं आणि दाताची खुर्ची

इतिहास म्हटला की आपण लढाया, परिषदा, ठराव काढून बसतो. आज जरा तोंडात बघू. आपल्याच.

बामण म्हणे विराट पुरुषाच्या मुखातून जन्मला. आपण त्या देहातच नाही. मग आपल्या तोंडाचं काय करायचं? ते पेशवाईनं ठरवलं. पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडकं. थुंकायचं ते त्यातच, कारण जमिनीवर थुंकी पडली आणि नकळत सवर्णाचा पाय पडला तर तो बाटणार. बाबासाहेबांनी १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हे मांडलंय. हे मडकं आपण भाषणात हजारदा फोडलं. पण विटाळ सगळ्यात जास्त कशाचा मानला? थुंकीचा. आणि दाताच्या डॉक्टरचं काम थुंकीत बोटं घातल्याशिवाय होतच नाही.

काठेवाडातली १९२९ सालची हकिकत बाबासाहेबांनीच सांगितलीय. अस्पृश्य शिक्षकाची बायको बाळंतपणानंतर दोन दिवसांत आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. गावातल्या बड्यांनी मध्यस्थी केली, दोन रुपये फी ठरली, तेव्हा आला. तेही बाईला वस्तीबाहेर आणायला लावून. थर्मामीटर त्यानं एका मुसलमानाच्या हातात दिला, त्यानं नवऱ्याला, नवऱ्यानं बायकोला लावला, आणि त्याच वाटेनं परत. बाई वाचली नाही. आता सांगा, ताप असा हातोहात मोजता येईल, पण किडलेली दाढ तिसऱ्याच्या हातानं कशी बघणार?

तोवर देशात दंतवैद्यकाची शाळा निघालेली होती. कलकत्त्यात डॉ. आर. अहमद यांनी १९२० साली काढली. मुंबईत नायरचं दंत महाविद्यालय १९३३ चं. डेंटिस्ट अॅक्ट १९४८ चा. शहरं शिकली. गावकुसाबाहेर दाढ दुखली की लवंग, नाहीतर दोरा बांधून हिसका.

पाण्याचंही तेच. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तर पुढे त्यांनी शेण-गोमूत्रानं तळं शुद्ध करून घेतलं. कोर्टाचा शेवटचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. पाणवठ्यावर लांब उभं राहून कुणी वरून ओतेल तेवढंच पाणी ज्यांना मिळालं, त्यांना 'जेवल्यावर खळखळून चूळ भरा' हे कुणी सांगावं?

आता मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, घर धुरानं भरतं, मग चुरून डबीत. माझी आजी दिवसातून चारदा लावायची. दात घासायला एकदाच. बाकी तीनदा भुकेपायी. 'लावली की पोट गप बसतं गं,' ती आईला सांगायची. मशेरी काही एका जातीची नाही, पाटलाच्या वाड्यातही लावतात. पण वाड्यात उपाशी पोट गप बसवायला लावत नाहीत. गटारीत उतरणारे आपले भाऊ तोंडात गुटखा धरतात तो वास मारायला. पुढे तोंड आखडतं, दोन बोटंही आत जात नाहीत. गिरणगावाच्या उशाला परळला टाटा हॉस्पिटल १९४१ पासून उभं आहे. तिथल्या रांगेत तोंडावर रुमाल धरून बसलेली माणसं बघून या एकदा.

सरकारनं १९९२ साली टूथपेस्ट-दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली, महाराष्ट्रात २०१२ ला गुटखाबंदी आली. घरच्या तव्याला मात्र कुठला कायदा लागणार? मग शिबिरवाल्या बाई येतात, आमच्या आयाबायांना 'अडाणी' म्हणतात, एकेक ब्रश वाटून फोटो काढून जातात. शौचालय साफ करणाऱ्याला मुकादम काय देतो, हे त्या विचारत नाहीत.

आजीला एका सरकारी दवाखान्यात नेलं होतं. दाढ वाचेल का विचारलं. 'वाचवायला बाहेर जा, इथं काढून देतो.' बाहेरचा खर्च विचारून आलो आणि दाढ काढून घेतली. अशा एकेक करत सगळ्या गेल्या. कवळी शेवटपर्यंत झाली नाही. भाकरी दुधात, दूध नसलं की पाण्यात कुस्करून खायची. हसताना तोंडाला पदर लावायची. मला वाटायचं लाजते.

प्राथमिक आरोग्य केंद्रात दाताचा डॉक्टर सहसा नसतोच. म्हणून आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन बघा. दाताची खुर्ची आहे का, चालते का, की तिच्यावर फायली ठेवल्यात. डॉक्टर कुठल्या वारी येतो. दातात चांदी भरतात की नुसते उपटतात. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, उत्तर आलं की त्याची नक्कल आमच्याकडे धाडा. पुढच्या अंकात तालुकावार छापू.