दिनविशेष : ५ ऑगस्ट – बीटल्सचा ‘रिव्हॉल्व्हर’ (१९६६)

बीटल्स या ब्रिटिश चौकडीचा ‘रिव्हॉल्व्हर’ हा १४ गाण्यांचा अल्बम १९६६ मध्ये आजच्या दिवशी ब्रिटनमध्ये प्रकाशित झाला. ध्वनिमुद्रण लंडनच्या ॲबी रोडवरील स्टुडिओत झाले होते. लोकप्रियतेच्या शिखरावर असताना त्यांनी टेप उलटी फिरवून वाजवलेली गिटार, टेपची आवर्तने, गिटारऐवजी आठ तंतुवाद्ये असे धाडसी प्रयोग केले. चौकडीतील जॉर्ज हॅरिसनच्या ‘लव्ह यू टू’ या गाण्यात सतार-तबला होता, तबलावादक अनिल भागवत यांचे नाव वेष्टणावर झळकले. त्याच महिन्यातील अमेरिका दौऱ्यात यातले एकही गाणे मंचावर गायले गेले नाही. स्टुडिओ हेच वाद्य मानणारे संगीत या अल्बममुळे मुख्य प्रवाहात आले. आज घरबसल्या संगणकावर गाणी रचणारे याच परंपरेचे वारसदार आहेत.