वेष्टनाचे उत्तरदायित्व

एकोणिसाव्या शतकात युरोपात कचऱ्याविषयी जे कायदे झाले, त्यांचा सारा रोख घाण वस्तीपासून दूर नेण्यावर होता. इंग्लंडच्या १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने ते काम स्थानिक मंडळांच्या हवाली केले; आणि लंडनच्या केराच्या पेटीत तेव्हा मुख्यत्वे शेगडीतील कोळशाची राखच पडत असल्यामुळे, तो केर मुळात जन्मालाच का यावा, हा प्रश्न विचारण्याचे कायदेपंडितांना प्रयोजन नव्हते.

ते पुढच्या शतकात उत्पन्न झाले. डेन्मार्कने १९८१ मध्ये बिअर व शीतपेये पुन्हा भरता येणाऱ्या बाटल्यांतूनच विकावीत असा निर्बंध घातला. त्याविरुद्ध मुक्त व्यापाराच्या नावाने दाद मागितली गेली, तरी १९८८ मध्ये युरोपीय न्यायालयाने अनामत घेऊन बाटली परत घेण्याची पद्धत ग्राह्यच धरली.

तथापि खरे स्थित्यंतर घडविले ते जर्मनीने. कचरा पुरण्याच्या जागा भरत आल्या तेव्हा पर्यावरणमंत्री क्लाउस ट्योप्फर यांच्या कारकीर्दीत, १९९१ साली, असा हुकूम निघाला की, वेष्टन ज्याने बाजारात आणले त्यानेच ते परत घेण्याची तजवीज करावी. पुढील एप्रिलपासून टूथपेस्टच्या नळीभोवतीचे पुठ्ठ्याचे खोके दुकानातच उतरवून ठेवण्याचा हक्क गिऱ्हाइकाला मिळाला, आणि ज्या खोक्याचा त्याला काडीचाही उपयोग नव्हता त्याचा भार दुकानदाराच्या गळ्यात पडताच अशी कित्येक खोकी मुळातच छापली जाईनाशी झाली. उरलेल्या वेष्टनांसाठी उद्योजकांनी स्वतंत्र संस्था काढली. तिच्याकडे शुल्क भरले की हिरवे वर्तुळाकार चिन्ह छापता येई. लोकांनी अपेक्षेहून इतके अधिक वेष्टन वेगळे काढून दिले की १९९३ मध्ये त्या संस्थेचे दिवाळे निघण्याची वेळ आली. हा दोष मी व्यवस्थेचा मानतो, तत्त्वाचा नव्हे.

जपानने १९९५ च्या कायद्यात जबाबदारीची वाटणी केली: वर्गीकरण नागरिकाने करावे, संकलन नगरपालिकेने, पुनर्वापराचा खर्च उद्योगाने सोसावा. संकलनाचा मोठा खर्च असा करदात्याच्या माथी राहिल्याने उत्पादकाला जर्मनीइतकी झळ लागली नाही.

आपल्याकडे अल्मित्रा पटेल यांच्या शहरी कचऱ्याविषयीच्या जनहित याचिकेनंतर निघालेल्या २००० च्या नियमांनी मुख्य भार नगरपालिकांवरच ठेवला. उत्पादक त्या चौकटीत पुढे सावकाश आला. म्हणूनच महाराष्ट्राच्या मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेतील एक तरतूद मला फार मोलाची वाटते. दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे परतीची किंमत छापावी, असे तीत म्हटले होते. पातेल्यात दूध ओतल्यावर पिशवी विसळून, ओट्याजवळच्या खिळ्याला वाळत लावून, महिनाअखेर रद्दीवाल्याला देणारी आपली गृहिणी हे काम आजवर जवळजवळ फुकटच करीत आली आहे. तिचा मोबदला डेअरीच्या खतावणीत खर्ची पडावा, आणि त्याची वसुली सरकारने मुदत घालून, हिशेब तपासून करावी.