वेईहाईवेईचा पट्टा

चीनच्या शांतुंग प्रांतांतील वेईहाईवेई ह्या नांवाचा अर्थ ‘समुद्रास धाक घालणारें ठाणें’ असा आहे. जपानी चांच्यांच्या बंदोबस्तासाठीं मिंग बादशाहीनें इ. स. १३९८ मध्यें तें वसविलें. १७३५ मध्यें छिंग राजवटीनें लष्करी ठाणें मोडून मुलूख वेनदेंग तालुक्यास जोडला. १८९८ मध्यें इंग्रजांनीं तो पट्ट्यानें घेतला. मुदत मात्र विलक्षण : पोर्ट आर्थर रशियाकडे असेपर्यंत! १९०५ मध्यें तें बंदर रशियाच्या हातून जपानकडे गेलें. तरी इंग्रज १९३० पर्यंत हलले नाहींत. लॉकहार्टप्रभृति कमिशनरांनीं गांवकारभार पूर्वींच्या गांवप्रमुखांकडेच राहूं दिला, हें खरें. पण दुबळ्याच्या हातीं नुसतें करारपत्र असून काय उपयोग, हें वाचकांनीं ध्यानीं घ्यावें.