ठाण्याला जाणे

शहापूर-मुरबाडकडच्या माणसासाठी ‘ठाण्याला जाणे’ या शब्दांना पूर्वीपासून दोन अर्थ आहेत. जमिनीचा तंटा, कोर्टाची तारीख, कलेक्टर कचेरीतला अर्ज यांसाठी ठाण्याला जावे लागते, हा सरळ अर्थ. दुसरा अर्थ आवाज खाली आणून सांगितला जातो. शाळेत एखादे पोर उगाच हसले, की “याला ठाण्याला धाडा” असे आम्ही ओरडत असू. मीही ओरडत असे. १९७८ मध्ये माझ्या धाकट्या चाचांना मनोरुग्णालयात दाखल केले आणि माझे ओरडणे बंद झाले.

ठाण्याचे हे मनोरुग्णालय १९०१ चे. नरोत्तमदास माधवदास या दात्याचे नाव त्याला दिले होते. नागपूर, रत्नागिरी, येरवडा आणि ठाणे ही राज्यातली चार जुनी सरकारी मनोरुग्णालये इंग्रजी अमदानीतली आहेत. आधी १८५८ चा आणि नंतर १९१२ चा कायदा होता. रुग्णाला सहसा मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने आत घेतले जाई. स्वतःहून दाखल होण्याची सोय १९१२ च्या कायद्यात होती, पण खेड्यापाड्यांत ती कोणाला ठाऊक असणार? बाहेर येताना बहुधा नातेवाइकाने जबाबदारी लिहून द्यावी लागे. म्हणजे माणूस आत जायचा तो दुसऱ्याच्या सहीने आणि बाहेर यायचा तोही दुसऱ्याच्याच सहीने.

पुढे १९५२ मध्ये फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना देण्यास सुरुवात झाली. तोवर अशा इस्पितळांत अनेकांचा जन्म सरत असे. औषधांमुळे ‘बरा होऊन घरी गेला’ असे म्हणण्याची शक्यता वाढली. पण घराने दार उघडले तर!

चाचांना आम्ही आधी मलंगगडावर नेले होते. तिथे हिंदू-मुसलमान दोघेही जातात. मी त्या श्रद्धेची टिंगल करणार नाही. माझ्या दादीला पोटभर रडायला तेवढी एकच जागा होती. पण आजाराला औषध लागते. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या २८ मनोरुग्णांचा त्यात जीव गेला. ती बातमी वाचताना मला चाचांची मनगटे आठवली. दाखल करण्यापूर्वीचे आठ दिवस घरी आम्हीही त्यांना दोराने बांधून ठेवले होते.

चाचा कोणत्या रुग्णालयात होते ते सांगत नाही; माझी तक्रार आमच्याच घराविरुद्ध आहे. अब्बांबरोबर मी एकदा भेटायला गेलो. मुरबाडला रेल्वे नाही, म्हणून पहाटेच्या एसटीने कल्याण गाठले. दादीने तांदळाच्या भाकऱ्या बांधून दिल्या होत्या. सगळ्या रुग्णांचे कपडे एकसारखे, केस बारीक कापलेले. चाचांनी घरी कधी नेता असे विचारले नाही. “माझा निळा सदरा आणला का?” एवढेच विचारले. आम्ही आणला नव्हता.

दोन वर्षांनी रुग्णालयाचे कार्ड आले : रुग्णाची प्रकृती सुधारली आहे, घेऊन जावे. अब्बांनी ते वाचून इतर पत्रांबरोबर तारेला खोचले. आवणी उरकू दे, मग आणू. भात झोडून होऊ दे. म्हसाची जत्रा होऊ दे. फुफीचे लग्न ठरू दे, लोक काय म्हणतील? कार्डावर कार्ड चढत गेले. अखेर १९८४ मध्ये दादीच हट्टाने निघाली. घरी आल्यावर चाचांनी विचारले, “मी गेल्यापासून सहा आवण्या झाल्या ना?” कोणी उत्तर दिले नाही. पुढची पंधरा वर्षे ते औषध घेत आमच्यात राहिले. सायकलींची पंक्चरे काढत, हिशेब चोख ठेवत.

१९१२ चा कायदा १९९३ पर्यंत चालला. त्याच्या जागी १९८७ चा कायदा लागू झाला आणि २०१८ पासून २०१७ चा नवा कायदा अमलात आला. तो वाचताना मी एका जागी थांबलो. रुग्णावर गणवेशाची सक्ती करायची नाही. त्याचे डोके सक्तीने भादरायचे नाही. त्याला पत्र आणि फोनचा हक्क आहे. साखळीला पूर्ण मनाई आहे. आणि केवळ घरचे घेत नाहीत किंवा घरच नाही, म्हणून कोणालाही रुग्णालयात ठेवून घ्यायचे नाही. त्याची समाजात राहण्याची सोय सरकारने करायची. चाचांचा निळा सदरा कायद्यात यायला इतकी वर्षे लागली.

आपल्या शेजारच्या कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना त्यांच्या गावी पोहोचवते. २०१८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वाट चुकलेल्यांची घरे ती माणसे शोधतात. आमचे घर तर कोणी शोधायचीही गरज नव्हती. त्या कार्डांवर आमचा पत्ता अचूक लिहिलेला होता.

तुमच्याकडे असे पत्र किंवा फोन आला, तर आवणी उरकायची वाट पाहू नका. आणि जाताना त्यांचा एखादा आवडता सदरा बरोबर न्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)