मानवेंद्रनाथ रॉय : पक्षनिष्ठेकडून विचारस्वातंत्र्याकडे

प्रस्तावना : विचारवंताचे स्वातंत्र्य बहुधा त्याने प्रतिपक्षावर केलेल्या टीकेवरून मोजले जाते. परंतु स्वतः स्वीकारलेल्या सिद्धांताची व स्वतः उभारलेल्या संघटनेची चिकित्सा करणे अधिक कठीण असते. या दृष्टीने मानवेंद्रनाथ रॉय (१८८७-१९५४) यांच्या वैचारिक प्रवासाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

राष्ट्रवाद ते मार्क्सवाद : बंगालमधील सशस्त्र क्रांतिकारक असलेले रॉय मेक्सिकोतील वास्तव्यात समाजवादाकडे वळले. १९२० मध्ये कम्युनिस्ट इंटरनॅशनलच्या दुसऱ्या अधिवेशनात वसाहतींच्या प्रश्नावर त्यांनी लेनिनहून वेगळी भूमिका घेतली. वसाहतींतील भांडवलदार वर्गाच्या राष्ट्रीय चळवळीवर विसंबून राहता येणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. लेनिन यांच्या प्रबंधाबरोबर रॉय यांचा पूरक प्रबंधही स्वीकारला गेला. पुढे मतभेद वाढून १९२९ मध्ये त्यांना संघटनेतून काढण्यात आले. १९३१ मध्ये मुंबईत अटक झाल्यानंतर १९३६ पर्यंत ते कारावासात होते. तेथे त्यांनी विज्ञान व तत्त्वज्ञान या विषयांवर विपुल लेखन केले.

नवमानवतावाद व पक्षविसर्जन : १९४० मध्ये त्यांनी रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्ष स्थापन केला. डिसेंबर १९४६ मध्ये मुंबईच्या अधिवेशनात या पक्षाने नवमानवतावादाची बावीस सूत्रे स्वीकारली. राष्ट्र किंवा वर्ग नव्हे, तर व्यक्ती हे समाजाचे मूळ मानून व्यक्तिस्वातंत्र्य हीच प्रगतीची कसोटी त्यांत मानली आहे. येथे एक पेच निर्माण झाला. सत्तेसाठी झटणारा पक्ष लोकांच्या वतीने निर्णय घेतो. मग लोकांची विवेकशक्ती जागृत कशी होणार? या प्रश्नाचे उत्तर रॉय यांनी कृतीने दिले. डिसेंबर १९४८ मध्ये कलकत्ता येथे पक्ष विसर्जित करण्यात आला. लोकसमित्यांवर आधारलेली पक्षविरहित लोकशाही हा त्यांनी सुचविलेला पर्याय होता. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी व वि. म. तारकुंडे यांच्यामुळे महाराष्ट्रात या विचाराची चर्चा रुजली.

मूल्यमापन : १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक पक्षांनीच लढविली आणि रॉय यांचा विचार लहान अभ्यासमंडळांपुरताच राहिला. पक्षांवाचून मोठ्या देशाचा कारभार कसा चालावा, याचे समाधानकारक उत्तर त्यांच्या मांडणीत सापडत नाही. ही मर्यादा मान्य करूनही त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न निकालात निघत नाही, कारण पक्षादेश व सदसद्विवेक यांतील संघर्ष लोकशाहीत आजही कायम आहे.

समारोप : रॉय यांनी प्रत्येक टप्प्यावर जुनी निष्ठा सोडताना तिची कारणमीमांसा केली. त्यामुळे त्यांची स्थित्यंतरे केवळ पक्षांतरे ठरत नाहीत. आपल्या तत्त्वाशी आपलीच संघटना विसंगत ठरते, असे दिसताच त्यांनी संघटनेचा त्याग केला. त्यांच्या विचारस्वातंत्र्याचा हाच सर्वांत सबळ पुरावा होय.