१४. ‘ऑस्टिनची ओकारी’
संदर्भ लेडी गागाच्या मार्च २०१४मधल्या कार्यक्रमाचा. टेक्सासमधील ऑस्टिन येथे साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवात ‘स्वाइन’ हे गाणे (‘आर्टपॉप’, २०१३) चालू असताना मिली ब्राउन या ब्रिटिश कलावतीने घशात बोटे घातली आणि आधी प्यायलेले हिरवे पेय गागाच्या अंगावर ओकले. रंगीत दूध ओकून कॅनव्हास रंगवणे हीच ब्राउनची कला. तेव्हा ही किळस ठरवून आणलेली. गाणे बलात्काराच्या अनुभवातून आले, असे गागाने सांगितले आहे. ते ठाऊक नसेल तर सगळा प्रकार नुसता चाळा वाटतो. यातून खाण्याच्या विकारांना झळाळी मिळते, अशी टीका गायिका डेमी लोव्हाटोने केली. मूळ मजकुरात या कार्यक्रमाचे साल चुकून २०१३ पडले आहे. ते २०१४ असे वाचावे.