वाळवंटाला फक्त पाणीच कमी आहे?

वाळवंटात जमीन घेऊ पाहणाऱ्याच्या डोक्यात एक हिशेब पक्का बसलेला असतो. ऊन मुबलक, जागा मोकळी, भाव परवडणारा. उणीव तेवढी पाण्याची, ती भरून काढली की झाले. हा पूर्वपक्ष अडाण्यांचा नव्हे. थरच्या वाळवंटात कालवे आखणारेही बरेचसे असेच मानत होते, आणि त्यांच्या हाती पुरावा होता. महाराजा गंगासिंहांनी १९२७ मध्ये गंग कालव्यातून सतलजचे पाणी बिकानेर संस्थानाच्या उत्तर टोकाला आणले आणि श्रीगंगानगरचा मुलूख गव्हाकापसाने भरून गेला. पुढे तिथे किन्नूच्या बागाही उभ्या राहिल्या. असे ढळढळीत उदाहरण समोर असताना शंका काढायची कशाला?

शंका अशासाठी, की तो मुलूख बव्हंशी नदीच्या जुन्या गाळाचा आहे. तिथे खरोखरच पाणी कमी होते. तिथला अनुभव उचलून जैसलमेर-बाडमेरच्या जमिनीला लावणे म्हणजे दाखला एका गावचा आणि सातबारा दुसऱ्या गावचा.

वाळवंटी जमीन कशी घडते ते आधी पाहू. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो मातीतला चुना आणि क्षार धुऊन समुद्राला नेतो. मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरून जांभा होतो. थरमध्ये धुणारे पाणीच नाही. जो थोडा पाऊस पडतो तो क्षार विरघळवून हात-दोन हात खाली नेतो आणि तिथेच सुकतो. कमी विरघळणारा चुना वर अडकतो, त्याचे कंकर होतात. जिप्सम साधारणपणे त्याच्या खाली साचते, आणि मिठासारखे चटकन विरघळणारे क्षार आणखी खोल जातात. हजारो वर्षांची ही साठवण पृष्ठभागावरून दिसत नाही. वर वाळूच दिसते, आणि सौदा वाळू पाहून होतो.

अशा जमिनीत भरपूर पाणी सोडले की ती पाणथळ होते, असे म्हटले तर हमखास उत्तर येते, की वाळूतून पाणी झिरपून जाते, मग जमीन पाणथळ होईलच कशी? हरिके बंधाऱ्यापासून निघणाऱ्या राजस्थान कालव्याचे, म्हणजे आजच्या इंदिरा गांधी कालव्याचे काम १९५८ मध्ये सुरू झाले. पाणी वाळूतून झिरपले खरे, पण बऱ्याच ठिकाणी थोड्याच खोलीवर चिकणमाती किंवा जिप्समच्या थराला जाऊन थांबले आणि वर्षानुवर्षे चढत राहिले. घग्गरचे पुराचे पाणी सुरतगडजवळच्या टेकाडांमधल्या खोलगटांत सोडले, तिथेही तेच. हनुमानगड जिल्ह्यातल्या बडोपलच्या आसपास शेतांची तळी झाली. त्या दुखण्याला तिकडे ‘सेम’ म्हणतात. पाणी चढताना खालचे क्षारही वर आले. पाणी उडून गेले, क्षार राहिले. कालवा नसतानाही पाणी असे तुंबते. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेरजवळचे कवास बुडाले, तेव्हा पूर ओसरायचे नाव घेईना. पाणी महिनोन् महिने उभे राहिले, कारण खाली जिप्सम होते.

मग जिप्समचा थर वाईटच ठरवायचा का? तसेही नाही. स्थानिक लोक त्याला खडियाची पट्टी म्हणतात आणि तिच्याच जिवावर पिढ्यान्‌पिढ्या गोडे पाणी प्यायले आहेत. खोलवरचे भूजल खारे. पावसाचे पाणी वाळूत मुरते, पण पट्टी त्याला खाली जाऊन खाऱ्यात मिसळू देत नाही. हे अडलेले ओलसरपण ‘रेजाणी पानी’ म्हणून अरुंद ‘कुईं’मध्ये थेंबथेंब गोळा होते. अनुपम मिश्र यांच्या ‘राजस्थान की रजत बूँदें’ने ही विद्या देशाला नीट समजावून सांगितली. म्हणजे पट्टी तीच आणि तिचा गुणही तोच; ज्या गुणाने थोड्या पावसाचे पिण्याचे पाणी राखले, त्याच गुणाने कालव्याच्या भरमसाट पाण्याची सेम केली. मातीचे गुणदोष वरून किती पाणी येणार याच्याशी जोडूनच ठरतात, हा माझा पक्ष.

बांधकामात हाच घोळ ‘कोरडी जमीन म्हणजे कणखर जमीन’ अशा रूपात येतो. वाऱ्याने आणून टाकलेल्या मातीचे कण क्षारांच्या आणि चिकणमातीच्या पातळ सांध्यांनी धरलेले असतात. कोरडे असेतो ते घराचे ओझे पेलतात. नळ गळू लागला की सांधे सुटतात आणि पाया खचतो. शिवाय जिप्सममधले सल्फेट साध्या सिमेंटचे काँक्रीट पोखरते. जैसलमेरचा किल्ला ११५६ पासून उभा आहे, वाळूवर नव्हे, खडकाळ टेकडीवर. तरी नळाचे पाणी आल्यावर सांडपाणी टेकडीतल्या मऊ थरांत मुरले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे बुरूज ढासळू लागले.

बागवाल्यांचा एक आवडता तोडगा आहे: जमीन बिघडली, जिप्सम टाका. नीरा कालव्याच्या काठचा शेतकरी खारवट आणि चोपण वेगळे ओळखतो. जिप्सम चोपणाला लागू पडते, कारण त्यातला कॅल्शियम सोडियमला हटवतो. नुसत्या खारवट जमिनीला निचरा आणि गोडे पाणी लागते. आणि जिथे जिप्सम आधीच बक्कळ आहे तिथे आणखी ओतणे म्हणजे पैसे पुरणे. कंकराच्या थरात खड्डा खणून खत-माती भरली, तर ती भोक नसलेली कुंडी होते. शिवाय चुनखडीत लोह झाडाला मिळत नाही, पाने पिवळी पडतात, आणि माळी म्हणतो, पाणी वाढवा!

सौद्याआधी निदान पुरुषभर खोल खड्डा घ्यावा, टेकाडावर नव्हे, दोन टेकाडांमधल्या सखलात. थराथरातून माती काढून क्षार आणि जिप्सम तपासून घ्यावे. खड्ड्यात पाणी ओतून ते किती वेळात उतरते ते पाहावे. आणि गावात जुन्या कुईं आहेत का, हे विचारावे. असतील तर खाली पट्टी आहे असे समजून सांडपाण्याचा शोषखड्डा, हिरवळ आणि पोहण्याचा तलाव हे तिन्ही बेत कागदावरच ठेवावेत.